वॉर रेक्विएम
इंग्रज संगीतरचनाकार बेंजामिन ब्रिटन (१९१३–७६) याची वृंदगान, एकलगायक व वाद्यवृंद यांसाठीची रचना. रेक्विएम म्हणजे मृतांच्या चिरशांतीसाठी कॅथलिक चर्चमध्ये गाइली जाणारी लॅटिन उपासना. १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या भग्नावशेषांलगत नवी वास्तू उभी राहिली. तिच्या प्रतिष्ठापनेनिमित्त ३० मे १९६२ रोजी या रचनेचा पहिला प्रयोग झाला.

लॅटिन प्रार्थनांमध्ये ब्रिटनने विल्फ्रेड ओएन (१८९३–१९१८) या युद्धकवीच्या नऊ इंग्रजी कविता गुंफल्या आहेत. पहिले महायुद्ध थांबण्यास आठवडा उरला असता ओएन रणांगणावर मारला गेला. प्रार्थना मोठा वृंद व सोप्रानो गायिका गातात, कविता दोन पुरुषगायक लहान वाद्यमेळाच्या साथीने गातात, तर मुलांचा वृंद ऑर्गनसह दुरून ऐकू येतो.

सहा भागांपैकी ‘ऑफर्टोरियम’ हा तिसरा भाग सर्वांत प्रभावी आहे. बायबलमधील कथेत परमेश्वराच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला पुत्र इसहाक याचा बळी देण्यास सिद्ध होतो. ऐनवेळी देवदूत त्याला थोपवितो. ‘शिवलीलामृता’तील चिलया बाळही कसोटीअंती आईबापांना परत मिळतो. ओएनचा वृद्ध मात्र देवदूताला जुमानत नाही. तो मुलाला मारतो आणि त्याच्यामागोमाग युरोपातील निम्मी तरुण पिढी बळी जाते. लॅटिन प्रार्थनेत अब्राहामाला व त्याच्या वंशाला दिलेल्या वचनाचे स्मरण असून वृंद ते जोमदार फ्यूगमध्ये गातो. ही चाल ब्रिटनने अब्राहाम-इसहाकावरील स्वतःच्याच १९५२ च्या रचनेतून घेतली आहे. तीत मुलगा वाचतो. येथे हत्येनंतर दोघे गायक संहाराचे शब्द तुटकपणे उच्चारीत राहतात आणि त्याच वेळी मुलांचा वृंद अर्पणाची प्रार्थना गातो, जणू काही घडलेच नाही. मग तोच फ्यूग उलट्या स्वररेषेने, दबक्या आवाजात परततो. वंशच कापला गेल्यावर वचन कोणासाठी, हा प्रश्न उपासनेतील एकही शब्द न बदलता उभा राहतो.

समारोप तितका निर्भीड नाही. शत्रुपक्षांचे दोन सैनिक मृत्यूनंतर भेटतात. त्यांच्या निद्रागीतात सर्व वृंद मिसळतात व आधीचा आरोप माधुर्यात विरघळतो. घंटांतील सी–एफ शार्प हे विसंवादी स्वरांतर (षड्ज व तीव्र मध्यम यांमधील) पुन्हा अस्वस्थ करते खरे, पण अखेरची स्वरसंहती सुसंवादीच आहे. या रचनेभोवतीच्या स्तुतीची स्ट्रव्हिन्स्कीने खिल्ली उडविली, ती काहीशी अन्यायकारक असली तरी सर्वस्वी निराधार नव्हती.

ब्रिटनने इंग्रज, जर्मन व रशियन असे तीन एकलगायक योजिले होते. सोव्हिएट शासनाने गॅलिना व्हिश्नेव्हस्काया हिला परवानगी नाकारल्याने पहिल्या प्रयोगात हेदर हार्पर गायिली; १९६३ मधील ध्वनिमुद्रणात मात्र व्हिश्नेव्हस्कायाचाच आवाज आहे.