शेंदराखालची आई

माझी आजी आमच्या गावच्या देवीला नुसते 'आई' म्हणे. देवी म्हणजे ओढ्याकाठच्या बाभळीखालचा एक तांदळा. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत, वाहन नाही. पिढ्यान्‌पिढ्या चढलेला बोटभर शेंदूर तेवढा. म्हैस व्याली की पहिला खरवस तिचा, शेतात ज्वारी भरली की पहिला हुरडा तिचा. पण नवरात्रात गावच्या बाया ओटी भरायला निघत, तेव्हा आजी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी ताटात नीट मांडून सुनेच्या हाती देई आणि स्वतः बाभळीपासून दहा पावलांवर हात जोडून उभी राही. आजोबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. ओटी भरण्याचा मान सवाष्णीचा. विधवेने तिथे पुढे व्हायचे नाही. आईच्या आणि लेकीच्या मधली ती दहा पावले कोणी आखली, हा प्रश्न लहानपणी मला पडला नाही. पुढे ग्रामदेवतांविषयीचे ग्रंथ वाचताना तो पडला, आणि मग त्या ग्रंथांकडे मी ह्याच प्रश्नाच्या वाटेने पाहू लागलो.

ह्या विषयाचे आपल्याकडे दोन थोर अभ्यासक होऊन गेले. पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. हा मूळचा गणिती. पण हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि घाटवाटा त्याने पायांखाली घातल्या. 1962 साली निघालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या इंग्रजी ग्रंथात मातृदेवतांच्या स्थानांवर एक दीर्घ प्रकरण आहे. त्याचा आरंभ होतो 'मृच्छकटिका'तील एका साध्या प्रसंगाने: चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर मातृकांना बळी ठेवून यायला सांगतो. शेकडो पंडितांनी हा प्रसंग वाचला असेल. कोसंबींनी विचारले, चव्हाट्यावरच का? देवी गावात का नाही?

ह्या एका प्रश्नातून त्यांनी केवढा पट उलगडला! गाव वसण्याआधी, नांगर येण्याआधी माणसे कळपांनी हिंडत. त्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे ह्या आया बसल्या. अशा ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे सापडली. त्याच वाटांनी पुढे व्यापारी तांडे गेले, त्याच वाटांवर बौद्ध लेणी खोदली गेली. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी आज एकवीरा बसली आहे आणि कोळी बांधव मुंबईहून तिच्या दर्शनाला येतात, ह्या दृश्याला मग वेगळाच अर्थ येतो.

त्यांचे दुसरे म्हणणे माझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. ह्या आया मुळात नवऱ्याच्या नव्हत्या. धनगर-गवळ्यांचे पुरुषदेव मागाहून आले. कुठे देवीशी त्यांचे वैर झाले, कुठे लग्न लागले. वीरच्या म्हस्कोबाचे जोगेश्वरीशी माघी पौर्णिमेला लग्न लागते, तेव्हा आपण वऱ्हाडी होऊन अक्षता टाकतो. कोसंबी त्या मांडवात दोन मानवसमूहांची सोयरीक पाहतात.

दुसरे अभ्यासक रामचंद्र चिंतामण ढेरे. कोसंबी पायांनी शोध घेतात, तर ढेरे शब्दांनी. त्यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ 1978 साली प्रसिद्ध झाला. मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या एका मातृमूर्तीचा माग काढीत ते रेणुका, यल्लम्मा, गोव्याची आणि कोकणची सांतेरी ह्यांच्यापर्यंत पोचतात. सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, हे आपणांस ठाऊक असते. वारूळ हे पृथ्वीच्या कुशीचे रूप, हे ढेरे दाखवून देतात. रेणुकेच्या नावातला 'रेणू' म्हणजे मातीच. हा ग्रंथ वाचल्यावर आपल्या घरच्या घटाकडे, त्याभोवतीच्या मातीत पेरलेल्या धान्याकडे आणि दसऱ्याला टोपीत खोवलेल्या त्या पिवळ्या अंकुरांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

दोघांचे ऋण मानूनच मला एक तक्रार नोंदवायची आहे. दोघेही देवीला विचारतात: तू कुठून आलीस? ओटीचे ताट घेऊन आलेल्या बाईला मात्र ते काय विचारतात? कोसंबींच्या लेखी ती साक्षीदार आहे. ठाणे कुठे, बळी कोणता, जत्रा कधी, एवढे तिने सांगावे, अर्थ अभ्यासक लावील. ढेऱ्यांच्या लेखी तर सगळ्याच आया अखेर एका भूमीत मिळून जातात. तत्त्व म्हणून हे पटते. पण बाई ज्या आईकडे जाते ती तुकाई असते, यमाई असते, फिरंगाई असते. शेजारच्या गावची आई तिला चालत नाही.

आणि ओटीचेच पाहा. ओटी म्हणजे सुफलनाचे प्रतीक, असे म्हणून अभ्यास पुढे जातो. ते चूक नाही, अपुरे आहे. घरात ओटी कोणाची भरतात? माहेराहून सासरी निघालेल्या लेकीची. जिला आई म्हणायचे, तिचीच ओटी लेकीसारखी भरायची! मागणे आहेच, पण त्यात देणेही आहे. देवीलाही कोणीतरी माहेरचे लागते, हे ह्या बायांनी कोणताही ग्रंथ न लिहिता सांगून ठेवले आहे.

म्हणूनच ती दहा पावले सलतात. ज्या देवीला मुळात नवराच नव्हता, तिच्या ओटीला नवरा नसलेली बाई चालत नाही! यल्लम्मेच्या भक्तांत तर दरवर्षी मार्गशीर्षात रांडाव पुनव येते. देवी विधवा होते, जोगतिणी बांगड्या फोडतात. दोन महिन्यांनी माघात अहेव पुनव येते आणि देवीचा चुडा पुन्हा भरला जातो. देवीचे वैधव्य दोन महिन्यांत सरते. आजीचे मरेपर्यंत सरले नाही. त्याच यल्लम्मेला मुली वाहण्याची चाल बंद करण्यासाठी मुंबई इलाख्यात 1934 साली आणि कर्नाटकात 1982 साली कायदे करावे लागले. आईची पूजा झाली म्हणजे लेकीचा मान राखला गेला, असे होत नाही. ग्रंथकारांनी देवी नवऱ्याविना होती हे सिद्ध केले, पण तो सिद्धांत बाभळीखाली पोचला नाही; आणि बाभळीखालचा अन्याय ग्रंथाच्या पानावर जेवढा यायला हवा होता, तेवढा आला नाही.

2022 सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे आता नको, असे एका गावाने म्हटले आणि पुढे शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. ठरावाने मने एका दिवसात बदलत नाहीत. तरी मला वाटते, देवीविषयीच्या साऱ्या संशोधनाला लागलेले हे एक मोलाचे फळ आहे, मग ठराव करणाऱ्यांनी ते संशोधन वाचलेले असो वा नसो.

गेल्या नवरात्रात गावी गेलो होतो. बाभूळ गेली आहे. फरशीचे देऊळ झाले आहे, आत संगमरवरी अष्टभुजा आणि सिंह. जुना तांदळा मूर्तीच्या मागे, अंधारात. बाया येत होत्या, मूर्तीची ओटी भरत होत्या आणि मग न चुकता मागे वळून त्या दगडाला हात लावून तो कपाळी नेत होत्या. त्यांत एक वृद्धा होती, कपाळ मोकळे. तिच्या हातात ताट नव्हते, पदरात मूठभर तांदूळ होते. इकडेतिकडे न पाहता ती मागे गेली आणि तिने ते दगडापुढे ओतले. पुजाऱ्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही.

दगडाच्या अंगावर शेंदूर ताजा होता.