गुच्चीची गादी आणि गल्ला

जानेवारी २०१५. मिलानमध्ये गुच्चीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो तोंडावर आला होता आणि प्रमुख डिझायनर फ्रिडा जियानिनी ठरल्या मुदतीआधीच बाहेर पडल्या होत्या. तिथलेच डिझायनर आणि पुढे त्यांच्या गादीवर आलेले आलेस्सांद्रो मिकेले यांनी जेमतेम पाच दिवसांत सगळं कलेक्शन नव्याने उभं केलं. त्यात लाल रेशमी ब्लाउज घातलेला एक तरुण होता, गळ्याशी त्याच रेशमाची मोठी, सैल गाठ. पुरुषी कपड्यांची इतक्या वर्षांची शिस्त त्या एका गाठीने मोडली.

पुढचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २०१५ मध्ये सुमारे ३.९ अब्ज युरोंची विक्री २०१९ मध्ये ९.६ अब्जांवर गेली. चीनमधल्या तरुण ग्राहकांचा त्यात मोठा वाटा होता आणि मुख्याधिकारी मार्को बिझ्झारी यांनी डिझायनरला दिलेली मोकळीकही होती. पण लोक दुकानात आले ते कपड्यांसाठी, आणि हे श्रेय मिकेले यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

त्यांची फर लावलेली स्लिपर बघा. मूळ बूट १९५३ चा, वर घोड्याच्या लगामासारखी धातूची कडी असलेला लोफर. मिकेलेंनी त्याची टाच कापली, आत कांगारूच्या फरचं अस्तर लावलं, आणि ती फर कडेने बाहेर लोंबू दिली. कडी जागेवरच राहिली, म्हणून ओळख पुसली गेली नाही. (गुच्चीने पुढे खऱ्या फरचा वापर सोडला, तेही योग्यच झालं.) जुन्या वस्तूला इतक्या हक्काने हात घालायला ती वस्तू आतून माहीत असावी लागते. मिकेले २००२ पासून गुच्चीतच होते. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात जिला तालीम म्हणतात, ती त्यांना बारा वर्षं मिळाली होती.

नावीन्य मात्र दर हंगामाला पुरत नाही. फुलं, साप, वाघ, भरतकाम यांची गर्दी २०२१-२२ पर्यंत डोळ्यांना सवयीची झाली. २०२२ मध्ये विक्रीने दहा अब्जांचा टप्पा ओलांडला, तरी वाढ शेजारच्या घराण्यांपेक्षा मंदावली होती. नोव्हेंबरमध्ये मिकेले गुच्चीतून बाहेर पडले.

त्यांच्या जागी व्हॅलेंटिनोतून साबातो दे सार्नो आले. सप्टेंबर २०२३ मधला त्यांचा पहिला शो मला आवडला होता. आखूड कोट, नेटकी शिवण, गडद लाल रंग, कुठेही आरडाओरडा नाही. पण चैनीच्या वस्तूंची मागणी तेव्हा सगळीकडेच उतरत होती, चीनमध्ये सर्वांत जास्त. २०२४ मध्ये गुच्चीची विक्री २३ टक्क्यांनी घसरून ७.६५ अब्ज युरोंवर आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दे सार्नो यांना निरोप मिळाला, पुढचा शो काही आठवड्यांवर असताना.

बाजाराची मंदी एका माणसाच्या शिलाईवर ढकलली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि समीक्षकांनीही, म्हणजे आम्हीच, कापड बघायचं सोडून ताळेबंद वाचला. मार्चमध्ये त्या जागेसाठी बालेन्सियागाचे तेव्हाचे डिझायनर डेम्ना यांचं नाव जाहीर झालं, तर दुसऱ्याच दिवशी मालक कंपनी केरिंगचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. गुच्चीसाठी त्यांनी तोवर एक बटणही लावलं नव्हतं.