पेटीत नसलेले गाणे

लातूर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका गावी गतवर्षीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध श्रद्धावंत प्रभुघरी गेले. चाळीस वर्षे त्यांनी गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवली होती. शेवटचे दीड-दोन महिने ते अंथरुणाला खिळून होते. मी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. जपमाळ झाली, थोडी भजने झाली. पहाटेपर्यंत जागायचे होते आणि गाणारे गळे दिवसभराच्या रडण्याने बसले होते. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "आजोबांच्या मोबाईलवर त्यांची गाणी आहेत, ती लावा." पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाने वर्षाची वर्गणी भरून वडिलांच्या आवडीची साठ-सत्तर गीते त्या फोनमध्ये 'डाउनलोड' करून दिली होती. नातवाने फोन उघडला. गीतांची यादी दिसली, चित्रे दिसली, गायकांची नावेही दिसली. परंतु प्रत्येक नाव राखेसारखे फिकट झालेले होते आणि कशावरही बोट ठेवले तरी इंटरनेट जोडण्याची सूचना येत होती. पावसाने टॉवर बंद होता. "फादर, गाणी तर आहेत, पण लागंनात," तो मुलगा म्हणाला.

ते ॲप कोणाचे होते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. थोड्याफार फरकाने अशा बहुतेक सेवांची रीत हीच आहे. मला महत्त्वाचे वाटले ते त्या मुलाचे वाक्य. आपल्या नियतकालिकातून आपण कवितासंग्रहांचे, कादंबऱ्यांचे, क्वचित गीतांच्या ध्वनिफितींचेही परीक्षण करतो. ज्या साधनातून आज आपल्या घरोघरी गाणे पोहोचते त्या साधनाचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. ते अभियंत्यांचे काम आहे, असे आपण गृहीत धरतो. मला त्यातील यंत्रविद्या फारशी कळत नाही. परंतु त्याने वापरलेले शब्द मराठी आहेत, आणि शब्दांची पारख करण्याचा अधिकार वाचकाला असतोच.

पहिला शब्द 'डाउनलोड'. त्याचा आपल्या मनातील अर्थ 'उतरवून घेणे' असा आहे. पूर्वी वहीत गीत उतरवून घेत असत, तसे. वहीत उतरलेले गीत वहीवाल्याचे होते. ज्याच्याकडून उतरवले तो दुसऱ्या दिवशी येऊन अक्षरे पुसून टाकीत नसे. या ॲपमधील उतरवणे निराळे आहे. ध्वनी फोनमध्ये येतो खरा, पण कुलूपबंद येतो. किल्ली दूरच्या संगणकाकडे असते, आणि ठराविक दिवसांनी, कुठे महिन्याने, फोनने त्या संगणकाशी संपर्क साधून 'हा अजून आपला वर्गणीदार आहे' अशी खात्री करून द्यावी लागते. ती खात्री मिळाली नाही की कुलूप उघडत नाही. आमच्या आजोबांची वर्गणी संपलेली नव्हती. आजारपणात महिनाभराहून अधिक काळ त्यांच्या फोनचे रिचार्ज कोणी केले नव्हते, एवढेच.

दुसरा शब्द 'माझी गाणी'. यादीच्या माथ्यावर तो ठळक लिहिलेला असतो. 'माझे' हे सर्वनाम मराठीत इतक्या सैलपणे क्वचितच वापरले गेले असेल. भाड्याच्या खोलीलाही आपण 'माझी खोली' म्हणतो, हे खरे. परंतु घरमालक तसे दारावर रंगवून देत नाही.

या कुलपामागील कारणही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. प्रत्येक गीत किती वेळा ऐकले गेले याची नोंद त्या जोडणीमुळे होते आणि त्या हिशेबाने हक्कधारकास मोबदला जातो. जे वर्गणी भरीत नाहीत त्यांना मधूनमधून जाहिराती ऐकवून तो खर्च काढला जातो. कॅसेटच्या काळात आपण काय केले ते आठवावे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि एकाने विकत घेतलेल्या कॅसेटवरून दहाजणांनी भरून घेण्याची प्रथा पडली. पुढे नांदेड-लातूरच्या बाजारात मोबाईलच्या दुकानांतून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात शेकडो गाणी 'मारून' मिळू लागली. त्यातील एक पैसाही गाणाऱ्याला पोहोचत नसे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मराठवाड्यातील प्रत्येक वाडी-तांड्यावर पोहोचला. त्या सर्व प्रतींचा मोबदला त्यांना मिळाला असेल, असे कोणी म्हणू शकणार नाही. 'चोरी करू नको' ही आज्ञा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने या बाबतीत फार उंच आवाजात बोलू नये. आमच्या धर्मग्रामाच्या कपाटातही भरून घेतलेल्या कॅसेटी होत्या.

शिवाय या साधनाने जे दिले ते थोडे नाही. किनवटकडील एका खेड्यातून नांदेडला परिचर्येचे शिक्षण घेण्यास आलेली आमची एक मुलगी वसतिगृहाच्या खाटेवर बसून भीमसेन जोशींचे अभंग, मुंबई-वसईच्या गायकवृंदांची गीते आणि लॅटिन स्तोत्रे एकाच संध्याकाळी ऐकते. माझ्या सेमिनरीच्या दिवसांत एक लॅटिन स्तोत्र ऐकण्यासाठी आम्हाला ग्रंथपालांची मनधरणी करावी लागे, आणि तबकडी आमच्या हाती ते कधीच देत नसत. एवढा विस्तीर्ण संग्रह कोणत्याही कपाटात मावणार नाही, हे मान्य.

प्रश्न संग्रहाच्या विस्ताराचा नाहीच. गाणे कुठे ठेवलेले असते, असा तो आहे. लातूरकरांना ही गोष्ट उदाहरणाने चटकन पटते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. एप्रिलमधील पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर आणले. (मिरज हे तंबोरे घडवणाऱ्यांचे गाव, तिथून आम्हाला आधी सूर यायचे, मग पाणी आले.) त्या गाडीचे ऋण लातूर विसरणार नाही. परंतु गाडी येते म्हणून कोणी आपली विहीर बुजवली नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही तेच केले. कॅसेटी भंगारात गेल्या, सीडी लावायला यंत्र उरले नाही, भजनांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि सगळे गाणे दूरच्या एका नळावर येऊन थांबले. हा नळ कधी पावसाने बंद पडतो, तर कधी रिचार्ज संपल्याने. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले दर एकदमच वाढवले, तेव्हा मजुरीवर जगणाऱ्या किती घरांनी एका महिन्याआड रिचार्ज करण्याचे ठरवले हे मी घरभेटींत ऐकले आहे. कधी सरकारी आदेशानेही नळ बंद होतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस आरक्षणाच्या आंदोलनात शेजारच्या बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. आदेश योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. पण अफवा थांबवण्यासाठी बंद केलेल्या तारेबरोबर घरातील गाणेही थांबावे, ही रचना विचित्र आहे. परभणीच्या आकाशवाणीला असे रिचार्ज कधी लागले नाही.

आणि नळाचा मालकच निघून गेला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले. रेसो हे ॲप २०२० मध्ये भारतात आले आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस मिटले. एअरटेलचे विंक २०१४ मध्ये सुरू झाले. तेही २०२४ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले. गीते नाहीशी होत नाहीत, दुसऱ्या ॲपवर मिळतात, असे यावर उत्तर दिले जाते. ते बहुतांशी खरे आहे. परंतु दहा वर्षे जमवलेल्या आपल्या निवडीचे काय, आणि ज्या छोट्या गायकवृंदाचे ध्वनिमुद्रण नव्या मालकाला फायद्याचे वाटत नाही त्याचे काय, याची जबाबदारी कोणी घेत नाही.

या ठिकाणी मला 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे प्रथम छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही काव्य आपल्याला मिळाले, कारण ते लोकांनी हाताने उतरवून घेऊन घरी ठेवले होते आणि ते गायिले जात होते. अशा हस्तलिखितांच्याच आधारे सालडाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली. छापखान्याने जे राखले नाही ते घरातील पेटीने राखले. कुलूपबंद 'डाउनलोड'मध्ये नेमकी हीच शक्यता नाही. तीनशे वर्षांनी कोणा संशोधकाला आमच्या आजोबांचा फोन सापडला, तर त्यात त्याला नावांची यादी तेवढी मिळेल.

बाजारालाही या उणिवेची जाणीव झालेली दिसते. सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा आणला. त्यात पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली असतात आणि इंटरनेट लागत नाही. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. आमच्या काही वृद्धांच्या घरी मुलांनी तो आणून दिला आहे आणि तो इमानेइतबारे वाजतो. त्यातील निवड कंपनीची असते, ही त्याची मर्यादा. आपल्या गावच्या भजनाला त्यात जागा नाही. फोनमध्ये आपल्याजवळ असलेल्या ध्वनिफाइली वाजवणारे व्हीएलसीसारखे मोफत ॲपही आहे, त्याला जोडणीची गरज पडत नाही. पाच मिनिटांचे गीत एमपीथ्री रूपात साधारण पाच एमबी जागा घेते. ३२ जीबीच्या एका कार्डात अशी सहा हजारांवर गीते राहतात. म्हणजे अडचण जागेची नाही आणि यंत्राचीही नाही. रीतसर विकत घेतलेले गीत विकत घेणाऱ्याजवळ राहावे, एवढी साधी सोय देण्याची बहुतेक कंपन्यांची इच्छा नाही, आणि आपण ती मागत नाही.

गायकवृंदाच्या प्रमुखांना एक सूचना करतो. रेकॉर्ड केलेले संगीत उपासनाविधीत वाजवू नये, हे रोमने १९५८ मध्येच स्पष्ट केले होते. तेव्हा या साधनाचे स्थान सरावात आणि घरी. पण सराव जर ॲपवरच बसवायचा असेल, तर चाल मुलांच्या गळ्यात उतरेपर्यंत रेंज टिकेल याची हमी कोणी देत नाही. फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असतेच. आपलाच सराव मुद्रित करावा, फाइल दोन-तीन जणांकडे ठेवावी. बेसूर झाला तरी तो आपला असेल.

त्या घरी महिन्याच्या मिस्साला मी पुन्हा गेलो. माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत त्यांना एक कॅसेट सापडली होती, माझ्या आधीच्या एका धर्मगुरूंनी नाताळच्या भजनाच्या वेळी भरलेली. टेपरेकॉर्डर शेजारच्या गावातून आणला होता. त्याचा पट्टा सैल झाल्याने चाल मंदावली होती आणि सूर काळी तीनवरून पांढरी चारकडे उतरला होता. पेटीवाला बराच वेळ स्वर शोधत राहिला. ढोलकी मात्र पहिल्याच आवर्तनात ओळखू आली. नातवाने फोन स्पीकरला टेकवून ते सगळे भरून घेतले आणि तिथेच ब्लूटूथने चौघांना दिले. टॉवर त्या दिवशीही बंदच होता. मुद्रण नऊ मिनिटांचे आहे. मध्येच कोंबडा आरवतो, आणि शेवटी कोणीतरी "बंद करा, बंद करा" म्हणते.