नारळीकरांच्या कथा आणि आपण वाचक

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचें २० मे २०२५ रोजीं पुण्यांत निधन झालें, आणि पुढें कित्येक दिवस वृत्तपत्रांतून त्यांच्या गौरवाचे लेख येत राहिले. त्या लेखांत केंब्रिज होतें, फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ सालीं मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत होता, १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेली 'आयुका' होती. त्यांच्या मराठी कथांविषयीं मात्र मुलांना विज्ञानाची गोडी लावली, यापलीकडे फारसें कांहीं आमच्या वाचनांत आलें नाहीं. हा अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. आणि तो स्तुतीच्या रूपानें झालेला असल्यामुळें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

त्यांच्या कथालेखनाचा आरंभच पाहण्यासारखा आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा धाडिली, ती नारायण विनायक जगताप या नांवानें. स्वतःचीं आद्याक्षरें त्यांनीं उलटीं केलीं होतीं, आणि हस्ताक्षर ओळखलें जाऊं नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची होती. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. १९६५ सालींच पद्मभूषण झालेल्या लेखकाची ही कथा आहे हें परीक्षकांना ठाऊक असतें, तर त्या निकालाला काय किंमत राहिली असती?

या वृत्तीचें उत्तम फळ म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकची धडक बसून एका निराळ्याच जगांत जाऊन पडतात. तेथें १७६१ सालीं पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या हातीं हें बीज पडतें, तर अटकेपारचे झेंडे आणि दिल्लीचें तख्त यांनींच पानें भरलीं असतीं. मराठी वाचकाची ती जुनी भूक आहे, आणि ती भागविणाऱ्या कादंबऱ्यांचा तुटवडा नाहीं. नारळीकरांचा नायक मात्र मुंबईस उतरल्यावर टाउन हॉलमधील ग्रंथालय गांठतो, आणि इतिहास नेमका कोठें वळला तें बखरींत शोधूं लागतो. आपल्या जगांत विश्वासरावांना लागलेली गोळी तेथें कानाजवळून निघून गेलेली असते. सारा फरक एवढ्यानें पडतो. परत आल्यावर गंगाधरपंतांच्या जवळ उरतें तें त्या बखरीचें एक फाटकें पान. मराठ्यांच्या विजयाचे नगारे न वाजवितां कथा विचारते, हें पान खरें कीं इकडच्या ग्रंथालयांतील प्रत खरी? पानिपताची हळहळ बाजूस ठेवून पुराव्याचा प्रश्न असा समोर आणणारी दुसरी मराठी कथा आम्हांस आठवत नाहीं. (त्या जगांत सभा अध्यक्षाविना चालतात, आणि रिकाम्या खुर्चीवर हक्क सांगणाऱ्या गंगाधरपंतांना श्रोते हांकलून देतात. २०२१ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते, परंतु प्रकृतीमुळें त्यांना तेथें जातां आलें नाहीं, हा योगायोग त्यांना खचित आवडला असेल!)

दोष आहेत, व ते झांकण्याचें कारण नाहीं. राजेंद्र देशपांडे हें पात्र शेवटीं पुंजयामिकी समजावून देण्यापुरतेंच जन्मास आलें आहे. त्याहून मोठी उणीव अशी. ग्रंथालयांत जाण्यापूर्वीं गंगाधरपंत मुलाच्या कचेरींत चौकशी करितात, तों त्या नांवाचा कोणी तेथें नाहीं असें कळतें. तेथें बापाचें मन क्षणभर तरी थांबावयास हवें होतें. लेखक त्यांना घाईनें पुस्तकांकडे नेतो, आणि केवढी तरी कथा त्या कचेरीच्या पायऱ्यांवरच राहून जाते.

'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेंत हा तुटकपणा कमी जाणवतो, कारण तेथें विषयच आपल्या देवघरांतला आहे. ज्या मूर्तीच्या सोवळ्याची घरोघर धास्ती, ती मूर्ति तेथें अवकाशाच्या पिळांतून फिरून, आरशांतल्या प्रतिमेसारखी उलटून आलेली असते. ही कथा वाचून वाचक हंसतो, आणि पुस्तक मिटून देवघरांत जातो.

कथाकार नारळीकर आणि संशोधक नारळीकर हे निराळे नव्हते, हें २००८ साल्च्या एका चांचणींत दिसून आलें. त्यांनीं सहकाऱ्यांसह २०० मुलांच्या पत्रिका जमविल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांपैकीं ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची तें ओळखावयास सांगितलें. २७ ज्योतिष्यांचीं उत्तरें आलीं, त्यांपैकीं सरासरी ४६ टक्के बरोबर निघालीं. नाणें उडवून ५० टक्के मिळाले असते. पत्रिकेवर मुलाचें नांव नव्हतें, जसें 'कृष्णविवर'वर लेखकाचें नव्हतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत नारळीकरांचीं पुस्तकें ओळीनें लावलेलीं आहेत, आणि खालच्या खणांत मुलीसाठीं आलेल्या स्थळांच्या पत्रिका. या चांचणीची गोष्ट काढतांच गृहस्थ म्हणाले, "तें सारें खरें हो, पण मुलीच्या बाबतींत धोका कशाला पत्करा?" आम्हीं त्यांना उत्तर दिलें नाहीं. आमच्या चिरंजीवांच्या लग्नाच्या वेळीं छत्तीसांपैकीं किती गुण जुळतात तें आम्हींहि पाहून घेतलें होतें, आणि त्या चांचणीचा वृत्तांत तेव्हां आमच्याच टेबलावर पडलेला होता.