डोंगर आणि जाते

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात काही कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादे मराठी पुस्तक वाचतात. मागच्या पावसाळ्यात आम्ही गो. नी. दांडेकरांचे 'माचीवरला बुधा' वाचावयास घेतले. बाहेर पाऊस होता, पुस्तकातही पाऊस होता. वाचन रंगले. शहरात राहून कंटाळलेल्या आम्हां सर्वांना राजमाचीचा तो मोकळा डोंगर हवाहवासा वाटू लागला. बैठकीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांचे माहेर कन्नडच्या घाटाकडचे, डोंगरातल्या एका वस्तीवरचे. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. कुणीतरी विचारले तेव्हा म्हणाल्या, "पुस्तक गोड आहे. पण बुधा एकटा आहे ना, म्हणून त्याला डोंगर गोड लागतो. घर असतं, चार लेकरं असती, आणि तो बाई असता, तर?"

हा प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे मात्र तो आमचा पिच्छा सोडीना. दुर्गम डोंगराळ खेडे आमच्या साहित्यात कोणाच्या डोळ्यांनी पाहिले गेले आहे, आणि त्या डोळ्यांना काय दिसावयाचे राहिले, हे त्या प्रश्नाच्या उजेडात तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दांडेकरांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांचा जन्म १९१६ साली परतवाड्याचा, म्हणजे मेळघाटच्या पायथ्याचा. आयुष्यातील मोठा काळ त्यांनी मावळात, तळेगाव दाभाडे येथे काढला. सह्याद्रीचे किल्ले त्यांनी पायांनी वाचले होते. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या कुशीतली माची, उदयसागर तलाव, दरीतून वर येणारे धुके, हे सारे त्यांच्या लेखणीला नकाशावरून मिळालेले नाही. बुधाची बोली त्यांनी कानांनी टिपली आहे. साहित्यातला खेडूत पुष्कळदा शहरी माणसाच्या करमणुकीसाठी गावंढळ बोलत असे, त्या काळात दांडेकरांनी डोंगरातल्या माणसाला त्याच्या भाषेसकट मानाने उभे केले.

कथेचा गाभाही लक्षात घेण्याजोगा आहे. सारे जग डोंगरावरून मुंबईकडे उतरत असताना हा म्हातारा मुंबई सोडून डोंगर चढतो. उमेदीची वर्षे शहराला दिल्यावर उरलेला श्वास त्याला माचीवर घ्यावयाचा आहे. झाडे, पाखरे, जनावरे हीच त्याची सोयरी होतात. माणूस मातीचा आहे आणि मातीकडे परतणार आहे, ही गोष्ट आम्ही दर राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन ऐकतो. दांडेकरांनी ती कोणताही उपदेश न करता एका म्हाताऱ्याच्या पावलांनी सांगितली. ह्या पुस्तकाचे सामर्थ्य येथे आहे, आणि ते कमी लेखण्याचा आमचा मुळीच विचार नाही.

परंतु त्याची मर्यादाही नेमकी येथेच आहे. बुधाचा डोंगर म्हणजे परतून आलेल्या माणसाचा डोंगर. ज्याचे कर्तेपण संपले आहे, ज्याच्यावर कोणाच्या पोटाचा भार नाही, त्याला तेथील उणीव साधनेसारखी वाटू शकते. ज्यांना डोंगर सोडताच आला नाही, त्यांना तीच उणीव कशी वाटत असेल? दारिद्र्य निवडणे वेगळे आणि दारिद्र्यात जन्मणे वेगळे. हा भेद कॅथलिक वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संन्यस्त जीवनातील अकिंचनतेचे व्रत आणि उपाशी घरातील रिकामी चूल ह्यांना आम्ही एकच नाव देत नाही. 'माचीवरला बुधा' वाचताना मात्र आम्ही नकळत तसे करतो. पुस्तकाच्या सौंदर्याचा हा दोष म्हणावा की आमच्या वाचनाचा? आमच्या मते थोडा पुस्तकाचा आणि पुष्कळसा आमचा.

दांडेकरांनाही हे जाणवले असावे, असे 'जैत रे जैत' वाचताना वाटते. ह्या कादंबरीत डोंगर सोयरा उरत नाही, तो प्रतिपक्ष होतो. ठाकरांचा नाग्या हा भगताचा मुलगा. त्याला पुण्यवंत व्हावयाचे आहे. लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी त्याला डसते आणि त्याचा डोळा जातो. आपण काही पाप केले नसताना हे का घडावे, असा त्याचा सवाल आहे, आणि तो आम्हांला परका नाही, कारण ईयोबाने तोच विचारला होता. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी नाग्याच्या पाठीशी उभी राहते. पोळी उतरवली जातात, जैत होते, आणि त्या जैताची किंमत चिंधीच्या जिवाने चुकती होते. १९७७ साली जब्बार पटेलांनी ह्यावर चित्रपट केला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील ह्यांच्या भूमिका, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते ह्यांमुळे तो घरोघर पोहोचला. ह्या कथेत बाई आहे, ताठ मानेची आहे. तरीही ती शेवटी पुरुषाच्या व्रताचे मोल म्हणून खर्ची पडते. तिचे स्वतःचे व्रत काय होते, हे कथा विचारीत नाही.

त्या चित्रपटाची गीते महानोरांनी लिहावी ह्यात एक औचित्य होते. १९४२ साली जन्मलेले हे कवी आमच्याच जिल्ह्यातले, सोयगाव तालुक्यातील पळसखेडचे. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या सावलीतले. जळगावचे कॉलेज अर्ध्यावर सोडून ते गावी परतले आणि शेती करू लागले. बुधासारखेच हेही परतणे खरे, पण उतारवयातले नव्हे, ऐन तारुण्यातले, आणि घरप्रपंचासह. १९६७ साली 'रानातल्या कविता' प्रसिद्ध झाला तेव्हा मराठी कवितेला प्रथमच असे रान भेटले, जे पाहणाऱ्याचे नव्हते, राबणाऱ्याचे होते. पेरणी, पाखरे, देहाची ओढ आणि पावसाची वाट ही त्यांच्या कवितेत निरनिराळी राहत नाहीत.

महानोरांच्या कवितेवर असा आक्षेप घेतला जातो की तिच्यात रान सतत बहरलेले असते. आक्षेप अगदीच निराधार नाही. पहिल्या बहराच्या कवितेत नशा आहे, आणि नशेला उणे दिसत नाही. परंतु हाच कवी पुढे 'पानझड'पर्यंत येतो, ज्या संग्रहास २००० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नावच पुरेसे बोलके आहे. मधल्या काळात ह्या भागाने १९७२चा दुष्काळ पाहिला होता. कवीने विधानपरिषदेत शेतीचे आणि पाण्याचे प्रश्न मांडले होते, स्वतःच्या उतारावरच्या जमिनीत पाणी अडविण्याची खटपट केली होती. कवितेच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामात एकच हात होता, हे मराठी साहित्यात विरळा घडलेले आहे. २०२३ साली ते गेले. आम्हां संभाजीनगरकरांना आमच्या डोंगराचा कवी म्हणून ते किती उशिरा आठवले, ह्याची खंत वाटते.

महानोरांचे आणखी एक काम आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. 'पळसखेडची गाणी' ह्या पुस्तकात त्यांनी आपल्या परिसरातील लोकगीते एकत्र केली. येथे कवी बाजूला सरतो आणि गाव बोलू लागते. कन्नडकडच्या त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ह्याच वाटेने पुढे गेले पाहिजे. डोंगरातल्या बाईने डोंगराविषयी काही म्हटले आहे काय? म्हटले आहे. जात्यावर बसून, पहाटेच्या अंधारात, पिढ्यान्‌पिढ्या म्हटले आहे. ते ऐकण्यासाठी कुणी थांबत नव्हते, इतकेच.

जे थांबले त्यांपैकी एकाची हकिकत आमच्या वाचकांस विशेष आस्थेची वाटेल. गी पॉइटवाँ हे फ्रान्समध्ये जन्मलेले, पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू. १९७२ साली ते भारतात आले, पुण्यात राहिले, मराठी शिकले, १९७९ साली भारतीय नागरिक झाले आणि २००४ साली ह्याच भूमीत त्यांनी देह ठेवला. हेमा राईरकर ह्यांच्यासमवेत त्यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातील गरीब बायकांमध्ये काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रियाच कार्यकर्त्या झाल्या आणि त्यांनी आपल्या आयाबहिणींच्या ओव्या लिहून काढल्या. काम महाराष्ट्रभर पसरले, मराठवाड्यातही आले. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आज 'परी', म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहातून कोणालाही वाचता-ऐकता येतो. सोळाशे सोळामध्ये 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी उचलणारे फादर स्टीफन्स आम्हांला पाठ आहेत. ओवी ऐकण्यासाठी आयुष्य देणारा हा दुसरा परदेशस्थ मात्र आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

येथे एक योगायोग ध्यानात घ्यावा. बुधाची राजमाची मावळातली, आणि ह्या ओव्यांचा आरंभ झाला तोही त्याच डोंगररांगांतून. एकच डोंगर, एकच पाऊस, पण दोन साक्षी. ओवीतल्या बाईला डोंगर मुख्यतः अंतर म्हणून भेटतो. माहेर आणि सासर ह्यांमधले अंतर, भाऊ येतो ती वाट, आई दिसत नाही तो आडवा कडा. वनवासी सीता तिला देवी म्हणून आठवत नाही, आपल्यासारखीच घराबाहेर काढलेली बाई म्हणून आठवते. आणि जाते? ते तर तिचे कामही आहे आणि गुरूही आहे. मनातले जड काही माणसांपाशी बोलता येत नाही, ते दगडापाशी बोलता येते. बुधाने एकान्त निवडला होता. हिच्यावर तो लादला गेला होता, आणि तिने त्यातून गाणे काढले. साहित्य म्हणून ह्या दोन एकान्तांची तुलना केली, तर दुसरा अधिक कठीण आणि म्हणून अधिक मोलाचा, असे आमचे नम्र मत आहे.

तथापि ओव्यांच्या बाबतीतही आमच्याकडून तीच चूक होण्याचा संभव आहे. जाती गेली, गिरण्या आल्या आणि एक ठेवा बुडाला, असा गळा काढणे सोपे आहे. आमच्या बैठकीत कुणी तसे बोललेही. त्यावर त्याच बाई म्हणाल्या, "दळण गेलं त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. हात दुखायचे." ह्या एका वाक्यापुढे आमचे सारे काव्यशास्त्र थिटे पडले. गाणे थोर होते, पण ते ज्या कष्टातून निघाले ते कष्ट थोर नव्हते. टीकेने ही दोन्ही विधाने एकाच वेळी हातात धरली पाहिजेत. एक सोडले की भाबडेपणा येतो, दुसरे सोडले की कोरडेपणा.

आणि दळण गेले म्हणून डोंगरातल्या बाईचे ओझे गेले, असेही नाही. आमच्या सातमाळा-अजिंठा रांगांचा काळा पाषाण पाऊस फारसा पोटात ठेवीत नाही. श्रावणात धबधबे, चैत्रात हंडे, ही तेथील ऋतूंची बाराखडी. म्हैसमाळच्या हिरव्या पठारावर आणि गौताळ्याच्या अभयारण्यात आम्ही पावसाळी सहलीला जातो ते नेमके ह्या बाराखडीतले पहिले अक्षर वाचून परततो. दिवाळी सरली की मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यांतून, विशेषतः बालाघाटावरील बीड जिल्ह्याच्या गावांतून, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडणीला निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरला जातो. भाषेने बाईला नवऱ्यासह एका लोखंडी हत्यारात कोंबले आहे. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या डोंगरावर बुधा आता एका वेगळ्या अर्थाने एकटा आहे. तरणी माणसे फडावर गेलेली, आणि मागे म्हातारा, म्हातारी व शाळकरी नातवंडे. मावळातल्या बुधावर पुस्तक निघाले. ह्या ओस गावांतील आजीवर कादंबरी अजून आमच्या वाचनात आलेली नाही.

मग दांडेकर वाचू नयेत काय? अवश्य वाचावेत. आम्ही 'माचीवरला बुधा' पुन्हा वाचला आणि तो पहिल्याहून अधिक आवडला, कारण आता त्याच्या शेजारी दुसरा आवाज होता. चांगले पुस्तक दुसऱ्या साक्षीला घाबरत नाही. बुधाच्या पावलांबरोबर जात्याची घरघर ऐकू आली की डोंगर खोटा ठरत नाही, पुरा होतो.

पुढच्या बैठकीला आम्ही पुस्तक घेतले नाही. त्या बाईंना त्यांच्या आईच्या ओव्या आठवतात काय, असे विचारले. प्रथम त्या लाजल्या. मग हाताची मूठ खुंट्यावर धरावी तशी वळली, खांदा हलू लागला, आणि हात फिरू लागल्यावरच शब्द आले. सतरा ओव्या झाल्या. बैठकीतील एका मुलीने त्या वहीत उतरून घेतल्या आहेत. अशा किती आज्या आपल्या धर्मग्रामांतून अजून हात फिरवू शकतात, हे प्रत्येक घराने आपापल्या ओसरीवर जाऊन पाहावे. वही आम्ही जपून ठेवली आहे, आणि तिची पुष्कळ पाने अजून कोरी आहेत.