रुग्णाचा शब्द आणि पाठ्यपुस्तकाचे प्रकरण : परिचर्या-शिक्षणातील सामान्य विकारांच्या आकलनाची चिकित्सा

प्रास्ताविक

परिचर्या हे रुग्णाच्या सान्निध्यात घडणारे शास्त्र आहे. डॉक्टर फेरीच्या वेळी रुग्णाला पाहतात. परिचारिका मात्र आपल्या कामाच्या वेळात सतत त्याच्या आसपास असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तक्षय, क्षयरोग आणि हृदयविकार हे परिचर्येच्या विद्यार्थ्याला वॉर्डात वारंवार भेटणारे विकार होत. या विकारांचे आकलन त्याला कोणत्या मार्गाने होते आणि तो मार्ग रुग्णापर्यंत पोहोचतो काय, हा परिचर्या-शिक्षणातील कळीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात पाठ्यपुस्तकातील विकारविषयक प्रकरण हा एक लेखनप्रकार मानून त्याची चिकित्सा केली आहे. हे प्रकरण विद्यार्थ्याला रोगाचे नाव शिकवते. परंतु मराठी रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो त्या शब्दांना त्यात स्थान नसते. परिणामी विद्यार्थ्याचे आकलन परीक्षेपुरते पूर्ण आणि रुग्णशय्येपाशी अपुरे राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रकरणाची चौकट

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकातील कोणतेही विकारविषयक प्रकरण उघडले तर त्याची रचना साधारणपणे सारखीच आढळते. व्याख्या, कारणे, विकृतिप्रक्रिया, लक्षणे, तपासण्या, औषधोपचार, गुंतागुंत आणि सर्वांत शेवटी परिचर्या असा हा क्रम असतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली, तेव्हा 'मेडिकल-सर्जिकल नर्सिंग' या विषयाला 'ॲडल्ट हेल्थ नर्सिंग' असे नाव मिळाले. नाव बदलले तरी प्रकरणाची रूढ चौकट टिकून आहे.

या चौकटीचे गुण नाकारता येणार नाहीत. ती विपुल माहितीला शिस्त लावते, स्मरणाला आधार देते आणि दोन विकारांची तुलना सुलभ करते. तिची मर्यादा तिच्या आरंभातच आहे. प्रकरण रोगाच्या नावापासून सुरू होते. वॉर्डात ते नाव बहुधा शेवटी कळते. तेथे आरंभी असतो तो रुग्णाचा एखादा शब्द, चेहऱ्यावरचा घाम, अर्धे टाकलेले जेवण. वरून खाली शिकलेले प्रकरण विद्यार्थ्याला प्रत्यक्षात खालून वर वाचावे लागते आणि या उलट्या वाचनाचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो.

उच्च रक्तदाबाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्याचे वेगवेगळ्या वेळी मोजून आढळले म्हणजे सामान्यतः हे निदान केले जाते. बहुसंख्य रुग्णांना या विकाराची कोणतीही जाणीव होत नाही. मात्र प्रकरणात 'लक्षणे' हे शीर्षक आले की त्याखाली डोकेदुखी, चक्कर, धडधड अशी यादी येते. विद्यार्थी ती पाठ करतो आणि डोके दुखत नसलेल्या रुग्णाचा दाब नियंत्रणात असावा, असा समज नकळत बाळगतो. नेमका हाच समज रुग्णाचाही असतो. "आता बरं वाटतंय" म्हणून तो गोळी बंद करतो. ज्या गैरसमजाचे निराकरण परिचारिकेने करावयाचे, त्याचीच पायाभरणी प्रकरणाच्या शीर्षकाने केलेली असते. लक्षण नसणे हेच या विकाराचे प्रधान वैशिष्ट्य होय, हे वाक्य यादीच्या आधी यावयास हवे.

निरीक्षणाची परंपरा आणि तिची मर्यादा

परिचर्येचा आरंभ रोगाच्या नावापासून करू नये, ही भूमिका नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) या ग्रंथात रुग्णनिरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. रात्र चांगली गेली काय, असे विचारण्याऐवजी रुग्णाला किती तास आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी झोप लागली हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाचे मोल आजही कमी झालेले नाही.

तथापि नाइटिंगेल यांचा ग्रंथ प्रमाण मानून थांबता येत नाही. तो जंतुसिद्धांत प्रस्थापित होण्यापूर्वीचा आहे. संसर्गाच्या कल्पनेविषयी त्यांनी साशंकता दर्शविली होती, तर रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये जाहीर केला. निरीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी कारणाच्या ज्ञानावाचून ते वाट चुकू शकते, हा धडा यातून मिळतो. म्हणून पाठ्यपुस्तकाचे प्रकरण टाकून द्यावे असा प्रस्तुत विवेचनाचा अर्थ नाही. त्याला दुसऱ्या टोकाकडून पूरकता हवी, इतकाच त्याचा रोख आहे.

ही पूरकता कोणत्या स्वरूपाची असावी, याचे सूत्र अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात मांडले. वैद्यकाने ओळखलेला रोग आणि रुग्णाने भोगलेले आजारपण यांत त्यांनी भेद केला. मराठीला हा भेद परका नाही. 'रोग' हा शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा. 'दुखणे' हा भोगणाऱ्याचा. वेदना आणि आजार या दोहोंसाठी हा एकच शब्द वापरणारी भाषा भोगणाऱ्याच्या बाजूने बोलते.

वेदनेचा मराठी शब्दसंग्रह

वेदनेच्या बाबतीत मराठीची श्रीमंती विशेष नजरेत भरते. ठणका, कळ, चमक, मुरडा, जळजळ, चुणचुण, ठुसठुस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. गळू ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, आव झाली की मुरडा येतो, डोळ्यात कण गेला की सलतो. वेदनेचा प्रकार, तिची लय आणि बहुधा तिचे स्थानही या शब्दांतून कळते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत ७८ वेदनावाचक शब्दांची २० गटांत विभागणी केलेली आहे. रुग्णाने निवडलेल्या विशेषणाला निदानमूल्य असते, हे त्या प्रश्नावलीचे अधिष्ठान होते. हा विचार रुग्णालयांत फारसा झिरपला नाही. तेथे शून्य ते दहा हा अंक तेवढा विचारला जातो. अंकाने वेदनेची तीव्रता कळते, जात कळत नाही. 'ठणका' आणि 'कळ' या दोहोंना एकच अंक मिळाला आणि केसपेपरवर 'पेन प्रेझेंट' एवढेच उमटले, तर रुग्णाने दिलेली माहिती लिहिणाऱ्याच्या हातून गळालेली असते.

शब्दांचे चकवे

रुग्णाचा शब्द मोलाचा असला तरी तो सदैव विश्वासार्ह असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 'पित्त' आणि 'गॅस' हे दोन शब्द याची साक्ष देतात. छातीत भरून आल्यासारखे वाटणे, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता, मळमळ आणि घाम या तक्रारी रुग्ण सहजपणे 'पित्त झालंय' या एका वाक्यात सांगतो. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हृदयविकाराचा झटका छातीत तीव्र कळ न येताही येऊ शकतो. पाठ्यपुस्तकातील नमुनेदार वर्णन पाठ केलेला विद्यार्थी अशा वेळी 'पित्त' हा शब्द निदान म्हणून स्वीकारण्याचा धोका असतो. अशी शंका येताच रुग्ण दाखल झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढला जावा, असा वैद्यकीय दंडक आहे. ती शंका प्रथम यावयाची असते ती रुग्णाचे म्हणणे ऐकणाऱ्या परिचारिकेला.

'अंगावरून जाणे' हा शब्दप्रयोग दुसऱ्या प्रकारचा चकवा निर्माण करतो. 'अंगावरून जातं' म्हणजे रक्तस्राव आणि 'अंगावरून पांढरं जातं' म्हणजे श्वेतप्रदर. संकोचाने खालच्या आवाजात बोलणारी स्त्री मधला शब्द गाळते आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. त्यातच 'अंगावर काढणे' हे आणखी एक क्रियापद येते. दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रीची तक्रार उशिरा येते आणि सौम्य शब्दांत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जो विकार निम्म्याहून अधिक स्त्रियांना आहे, तो विकार म्हणून जाणवेनासा होतो. 'थोडा अशक्तपणा' एवढेच त्याचे नाव उरते. 'रक्त कमी आहे' या वाक्यानंतरही चौकशी संपत नाही. विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागात त्या वाक्यामागे लोहाची कमतरता असेल, तसाच सिकलसेलही असेल.

मधुमेहाच्या संदर्भात 'उपवास' हा शब्द तपासण्यासारखा आहे. मराठी घरात उपवास निर्जळी असतो, एकभुक्त असतो, तसाच साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या किसाचाही असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या प्रकारात रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटण्याची, तर शेवटच्या प्रकारात ती वाढण्याची शक्यता असते. 'उपवास करता का?' या प्रश्नाला मिळालेले 'हो' हे उत्तर म्हणून अर्धेच होय. उपवासाला काय खाता आणि त्या दिवशी गोळीचे किंवा इंजेक्शनचे काय करता, हे विचारल्यावाचून ते पूर्ण होत नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली म्हणजे हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर तत्काळ द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु 'साखर आहे म्हणजे गोड बंद' हे वर्षानुवर्षे ऐकलेला रुग्ण नेमक्या त्या क्षणी साखर नाकारतो. त्याचे मन वळविण्याचे शब्द कोणत्याही प्रकरणात दिलेले नसतात.

केअर प्लॅनचा पहिला स्तंभ

या उणिवेवर उपाय अभ्यासक्रमाच्या बाहेर शोधावा लागत नाही. प्रत्येक विद्यार्थी जो केअर प्लॅन लिहितो, त्याच्या मूल्यमापन-स्तंभात दोन भाग असतात. रुग्णाने सांगितलेले ते आत्मनिष्ठ आणि परिचारिकेने पाहिले-मोजलेले ते वस्तुनिष्ठ. पहिल्या भागात रुग्णाचे शब्द यावेत, हे परिचर्या-प्रक्रियेचे मूलतत्त्व आहे. प्रत्यक्षात तेथे पाठ्यपुस्तकातील लक्षणच रुग्णाच्या तोंडी घातलेले आढळते. 'चार पायऱ्या चढले की धाप लागते, रात्री दोन उशा घ्याव्या लागतात' असे सांगणारी वृद्धा कागदावर 'मला श्वसनास अडथळा होतो' असे इंग्रजीत बोलू लागते. तिच्या मूळ वाक्यात श्रमाचे प्रमाण होते, आडवे होताच वाढणाऱ्या दम्याची खूण होती आणि पर्यायाने हृदयाच्या दुर्बलतेचा संकेत होता. इंग्रजी वाक्य व्याकरणशुद्ध आहे. पण त्यातून हे तिन्ही तपशील नाहीसे झाले. अशा केअर प्लॅनला पूर्ण गुण देणारा परीक्षकही या हानीचा भागीदार ठरतो.

भाषांतर हा उपाय नव्हे

यावर पाठ्यपुस्तके मराठीत आणावीत, असा उपाय सुचविला जातो. त्याची उपयुक्तता मान्य करूनही तो पुरेसा नाही, असे म्हणावे लागते. 'ॲनिमिया'साठी मराठीत 'रक्तक्षय' ही संज्ञा रूढ आहे. ती ग्रंथात चालते. परंतु खाटेवरच्या स्त्रीला तिच्यातला 'क्षय' तेवढा ऐकू येतो आणि ती घाबरते. 'रक्त कमी आहे' हे तिचे स्वतःचे वाक्य तेथे अधिक अचूक ठरते. खुद्द क्षयरोगाबाबत रुग्ण त्या नावाचा उच्चार टाळून 'छातीत डाग आहे' असे म्हणतो. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते हे आधी न सांगितल्यास तोच रुग्ण 'रक्त जातंय' म्हणून औषध सोडतो. संज्ञा इंग्रजी असो वा संस्कृतोद्भव, ती वरूनच येते. रुग्णाचा शब्द ऐकण्याची सवय भाषांतराने लागत नाही.

नोंदी, औषधांची नावे आणि देशविदेशातील नोकऱ्या यांसाठी इंग्रजी अपरिहार्य आहे, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु येथे इंग्रजीला पर्याय सुचविलेला नाही. आत्मनिष्ठ नोंदीत रुग्णाचे वाक्य देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि त्याखाली त्याचा वैद्यकीय अर्थ इंग्रजीत द्यावा, एवढाच बदल अपेक्षित आहे. महाराष्ट्रात शिकणाऱ्या परभाषिक विद्यार्थ्यांना याचा लाभ अधिक होईल. चक्कर, घेरी, भोवळ आणि डोळ्यांपुढे अंधारी यांतील फरक त्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने शिकता येणार नाही.

समारोप

सामान्य विकारांवरील पाठ्यपुस्तकाचे प्रकरण ज्ञानदृष्ट्या भक्कम आहे. मात्र ते रोगाच्या बाजूने लिहिलेले आहे. रुग्णाचा शब्द अनुभवाच्या बाजूने येतो. तो समृद्ध असतो आणि फसवाही असतो. या दोन भाषांमधील ये-जा हीच परिचर्येची बौद्धिक कामगिरी होय. तिला प्रकरणात स्थान नाही आणि मूल्यमापनात गुण नाहीत, म्हणून ती उपजत शहाणपणावर सोडली जाते. प्रत्येक विकाराच्या अध्यापनास तो विकार रुग्ण कोणत्या शब्दांत सांगतो या प्रश्नाने आरंभ करावा आणि केअर प्लॅन तपासताना रुग्णाचे मूळ वाक्य आहे की नाही हे प्रथम पाहावे. या दोन्ही गोष्टी अध्यापकाच्या अधिकारातील आहेत. त्यांसाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. "सिस्टर, जरा पित्त झालंय" हे वाक्य उद्याही कोणत्या तरी वॉर्डात उच्चारले जाईल. ते ऐकणारा विद्यार्थी पुढे काय विचारतो, यावर त्या रुग्णाचे भवितव्य अवलंबून असू शकते.