‘उचल्या’ आणि ठाण्याची लेखणी

लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी त्यातली दाहकता वाखाणली (हा आपल्या समीक्षेचा लाडका शब्द!) आणि पोलिसी धाडींत वाढणाऱ्या पोराचा प्रश्न रसास्वादात विरघळवून टाकला. १८७१च्या कायद्याने अशा जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला; ठाण्यातली नजर झाली नाही. २०१६च्या बाल न्याय नियमांनुसार, निर्घृण किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा वगळता, मुलावर एफआयआर न नोंदवता त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करायचा असतो. तो लिहिणार पोलीसच! ज्याला वस्ती हाच गुन्हा वाटतो, तो पार्श्वभूमी काय लिहिणार? लक्ष्मणला वेगळी वाट दाखवली शाळेने. पोराला अटकेऐवजी वस्तीच्या हवाली करायचे, तर अहवालाची लेखणीही वस्तीतल्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या हाती द्या.